मदत हवी आहे: २ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणाला शाळा लवकर सोडावी, की मुलांना थांबवून दाखवावं?

नमस्कार मंडळी. सोलापुरातून लिहितेय. पालक-शिक्षक संघाच्या येत्या बैठकीत मला या विषयावर बोलायचं आहे. मुख्याध्यापक बाईंनी "काय ते लिहून आणा" असं सांगितलंय, म्हणून जाणत्यांकडून सल्ला हवाय.

२ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे. खग्रासचा पट्टा दक्षिण स्पेन, मोरोक्को, इजिप्त, सौदी अरेबिया असा जातो. इजिप्तमध्ये लक्झरच्या आसपास सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकलेला असेल. आपल्याकडे खंडग्रास आहे. सोलापुरात दुपारी चारनंतर लागणार आणि सूर्यास्ताच्या आत सुटणार, सूर्याचा अर्ध्याहून कमी भाग झाकणार. वार सोमवार, म्हणजे दुपारची शाळा भरलेली असणार. शिवाय आषाढ अमावास्या, दिव्यांची अवस, आणि सोमवारी आली म्हणून सोमवती. त्या दिवशी घरोघरी काय चाललेलं असेल ते सांगायला नको.

आमच्या शाळेत दोन गट पडलेत. एक म्हणतो, अडीचलाच शाळा सोडा, वेध पाळायचे असतात, मुलं ग्रहणाआधी घरी पोचू द्या. दुसरा म्हणतो, शाळा नेहमीसारखी साडेपाचपर्यंत चालवा, फक्त दारंखिडक्या लावून घ्या, म्हणजे कुणी वर बघणार नाही. मला दोन्ही पटत नाही. माझं म्हणणं असं की मुलांना वर्गातून सोडा, शाळेतून सोडू नका. तासभर मैदानात आणा, सुरक्षितपणे ग्रहण दाखवा आणि मग रोजच्या वेळी घरी पाठवा.

हे मी इतकं मनाला का लावून घेतलंय ते सांगते.

आमचा शाळेचे युनिफॉर्म शिवण्याचा छोटा कारखाना आहे. २६ डिसेंबर २०१९ ला, गुरुवारी, सकाळी ग्रहण होतं. तेव्हा कंकणाकृती दक्षिणेत दिसलं, आपल्याकडे खंडग्रास, पण चांगलंच मोठं. आमच्याकडे कटिंगला असणारी एक मुलगी तेव्हा गरोदर होती. ग्रहणात कात्री धरायची नाही म्हणून ती आलीच नव्हती. बाकीच्या बायकांनीही मशिनी थांबवल्या. दाराशी कडुनिंब आहे, त्याच्याखालच्या टेबलावर पांढरं शर्टिंग पसरलेलं होतं. ढगांतून मधूनच ऊन पडायचं. एकदा ऊन आलं आणि त्या पांढऱ्या कापडावर शेकडो कोरी उमटल्या. नखाएवढ्या, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. पानांमधल्या प्रत्येक फटीतून एकेक सूर्य पडत होता आणि प्रत्येक सूर्य खाल्लेला होता. सकाळपासून बाहेर न आलेल्या बायका एकेक करून दारात आल्या. एकीने त्या कोरींवर तळहात धरला. ऊन गेलं तशी कोर हातावरून पुसली गेली. तिने दुसरी येईपर्यंत हात तसाच धरून ठेवला.

माझी मोठी मुलगी तेव्हा चौथीत होती. कारखान्यापासून चालत पाच मिनिटांवर, खिडक्या लावलेल्या वर्गात. ग्रहण सुटेपर्यंत कुणाला लघवीलाही बाहेर सोडलं नाही. घरी आल्यावर मी तिला कापड दाखवलं. त्यावर काहीच नव्हतं. "आई, तू मला न्यायला का नाही आलीस?" असं तिने विचारलं, त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. शाळेला दोष देत नाही, त्यांनी घाबरून तसं केलं. पण लेकराचं जे राहिलं ते राहिलंच.

आता धाकटा शाळेत आहे. मी बसून मोजलं. २१ जून २०२० चं ग्रहण रविवारी आलं, शिवाय कोरोनाने शाळा बंद होत्या. २५ ऑक्टोबर २०२२ चं दिवाळीच्या सुट्टीत. पुढचं २१ मे २०३१ चं, केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती दिसणारं, ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. २० मार्च २०३४ ला पुन्हा सोमवार आहे, पण तेव्हा हा बारावीच्या परीक्षेत असणार. म्हणजे शाळेच्या मैदानात, वर्गातल्या सगळ्यांबरोबर उभं राहून बघायचं तर त्याच्या वाट्याला हे एकच आहे.

आपल्या गावाला सुट्टीचं वावडं नाही. सिद्धेश्वराच्या जत्रेत, म्हणजे आपल्या गड्ड्यात, नंदीध्वज निघाले की अख्खं सोलापूर रस्त्यावर असतं, अक्षता सोहळ्याच्या दिवशी वर्गात कोण बसतं? मीही वडिलांच्या खांद्यावर बसून संमती कट्ट्यावरच्या अक्षता बघितल्यात आणि मुलांनाही नेते. पण गड्डा दर वर्षी येतो. चुकला तर सिद्धेश्वर पुढच्या वर्षी बोलावतो.

अडीचला शाळा सोडण्याला माझा विरोध आहे त्याचं खरं कारण वेगळं आहे. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांची आई विड्या द्यायला कारखान्यात किंवा शिलाईला, वडील यंत्रमागावर. अडीचला सोडलेलं पोर कुणाकडे जाणार? एकतर कोंडून बसेल, नाहीतर बोळात उभं राहून उघड्या डोळ्यांनी वर बघेल. सूर्याने डोळ्याचा पडदा भाजतो तेव्हा दुखत नाही, त्यामुळे पोराला कळतही नाही. ज्यांच्या घरी चष्मा आणि बघायला माणूस आहे ती दोन-चार मुलं बघतील. बाकीच्यांसाठी शाळा हीच एक जागा आहे.

बाईंची एक अडचण खरी आहे. तास बुडतो. सहावी ते आठवीला कायद्याने वर्षाला २२० दिवस आणि १००० तास भरावे लागतात. पण मैदानात ग्रहण बघणं हा विज्ञानाचा तास का धरू नये? दुसरी अडचण "एवढंसं तर ग्रहण". याला काय उत्तर द्यावं? माझे मामा १६ फेब्रुवारी १९८० ला शाळेच्या सरांबरोबर रेल्वेने रायचूरला गेले होते. अकरा मुलं, शनिवार, दुपारी पावणेचारच्या सुमारास खग्रास. अजून सांगतात की कावळे झाडावर परतले आणि सर रडत होते. तसं इथे होणार नाही हे मला माहीत आहे. तरी दाखवावं असं वाटतं.

तर कुणाच्या शाळेने हे केलंय का? पालकांचं संमतीपत्र कसं लिहिलंत? चष्मे अकराशे मुलांना परवडणार नाहीत, मग काय करावं? आणि ज्यांच्या घरी वेध पाळतात त्यांना न दुखावता कसं सांगावं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त हवंय.

प्रतिसाद १

ताई, मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक, बार्शी. आम्ही १५ जानेवारी २०१० ला शाळेत दाखवलं होतं. चष्मे मोजून चाळीस होते आणि मुलं सहाशे. आरशाने काम भागवलं, तेच तुम्हाला सांगतो.

खिशातला छोटा सपाट आरसा घ्या. त्यावर काळा कागद चिकटवा आणि कागदाला अर्ध्या सेंटिमीटरचं भोक पाडा. आरसा बाहेर उन्हात एका स्टुलावर विटेला टेकवून ठेवा आणि कवडसा दारातून अंधाऱ्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर पाडा. आरसा ते भिंत दहा मीटर असेल तर सूर्याचं साधारण नऊ सेंटिमीटरचं गोल चित्र येतं. ग्रहण लागलं की त्याचा लचका तुटलेला स्पष्ट दिसतो. साठ मुलं एकदम बघतात, कुणालाही वर बघावं लागत नाही. फक्त आरशाजवळ एक मोठं माणूस उभं ठेवा, पोरांनी आरशात डोकावता कामा नये. ५ वाजता सूर्य पश्चिमेला बराच खाली आलेला असेल, म्हणून पश्चिमेकडे दार असलेला वर्ग निवडा.

चष्मे घेतलेच तर आयएसओ १२३१२-२ लिहिलेले घ्या. घालून घरात बघा, काहीही दिसता कामा नये. ओरखडा असेल तर टाकून द्या. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल, पाण्याच्या परातीतलं प्रतिबिंब, यातलं काही नको. आणि खंडग्रासात चष्मा एक क्षणही काढायचा नाही.

ढगांचं मात्र सांगता येत नाही. आपला भाग पर्जन्यछायेचा असला तरी ऑगस्ट तो ऑगस्ट. लक्झरला खग्रास होईल तेव्हा आपल्याकडे साडेतीन वाजून गेलेले असतील. तिथलं थेट प्रक्षेपण मिळालं तर सभागृहात आधी ते दाखवा आणि चारनंतर मैदानात या. ढग आले तरी मुलं रिकाम्या हाताने जाणार नाहीत. केगावच्या विज्ञान केंद्रातही विचारून बघा.

प्रतिसाद २

माझं थोडं वेगळं मत आहे, राग नसावा. आमच्या सासूबाई वेध पाळतात आणि माझी मुलगी त्यांच्यासोबत पाळते. तिला कुणी जबरदस्ती केलेली नाही. शाळेने सगळ्यांना मैदानात उभं केलं तर ती एकटीच वर्गात बसेल आणि बाकीची मुलं तिला चिडवतील. त्यापेक्षा सगळ्यांना सुट्टी बरी. ज्यांना बघायचंय ते आईवडिलांबरोबर बघतील.

प्रतिसाद ३

संमतीपत्रात दोनच ओळी लिहा: आम्ही अशा पद्धतीने दाखवणार आहोत; तुमची हरकत असल्यास पाल्याला अडीचला घेऊन जाता येईल. "परवानगी द्या" असं लिहू नका, निम्मे कागद परतच येत नाहीत आणि मुलं राहून जातात. आणि ज्यांची मुलं रिक्षाने येतात त्यांच्या रिक्षावाल्या काकांना आठवडाभर आधी सांगा. अडीच आणि साडेपाच अशा दोन फेऱ्या त्यांना एकदम सांगितल्या तर जमत नाही.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार.

ताई, तुमच्या मुलीबद्दल वाचून मी दोन दिवस विचार करत होते. वर्गात एकटं बसणं काय असतं ते माझ्या मुलीमुळे मला माहीत आहे, तेव्हा तुमच्या मुलीवर ती वेळ यावी असं मला अजिबात वाटत नाही. म्हणून अडीचला न्यायची मुभा मी अर्जात पहिलीच लिहिली आहे, कारण विचारायचं नाही असंही लिहिलंय. पण सगळ्यांना सुट्टी मात्र मी मागणार नाही. विड्यांच्या कारखान्यात असलेली आई पाच वाजता पोराला ग्रहण दाखवायला येऊ शकत नाही.

सर, आरसा काल करून बघितला. कारखान्याचं शटर अर्धं खाली घेतलं, आरसा अंगणात स्टुलावर ठेवला. पहिल्यांदा छतावर गेला, मग पत्र्यावर, शेवटी धाकट्याने विटेखाली कापडाच्या चिंध्या सारून नेमका भिंतीवर आणला. बशीएवढा गोल, कडा थरथरणाऱ्या. तो हळूहळू भिंतीवरून सरकायला लागला तेव्हा मुलाने विचारलं, "आरसा हलतोय का?" मी म्हटलं, आरसा नाही, पृथ्वी. मोठीही अभ्यास टाकून खाली आली आणि त्या गोलापाशी बराच वेळ उभी राहिली.

आता एक शेवटचं विचारते. आमच्या शाळेत पश्चिमेकडे दार असलेला एकच वर्ग आहे, चौथीचा. त्याच्या खिडक्यांना झडपा नाहीत. काळं कापड मी देईन, शिवूनही देईन. सर, एका खिडकीला एकेरी पुरेल की दुहेरी लावावं?