९१४ मध्ये सहा सिलिंडरचं इंजिन: तेलाची नवी टाकी अर्धवट अवस्थेत आली आहे, पुढे काय?

रात्रपाळी

मंडळी, एक अडचण आहे. माझ्याकडे १९७३ ची पोर्श ९१४ आहे, चार सिलिंडरवाली. त्या इंजिनाचं तेल त्याच्या पोटातच राहतं. आता तिथे पोर्शच्याच ९११ चं २.७ लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन बसवतोय. ते ड्राय संप, म्हणजे तेलाला बाहेर वेगळी टाकी हवीच. मूळ ९१४-६ ची, म्हणजे याच गाडीच्या सहा सिलिंडरवाल्या मॉडेलची, टाकी काही हाती लागली नाही, म्हणून कोणीतरी नव्याने बनवलेली घेतली.

खोका उघडला तर नुसता पत्रा. वेल्डिंगच्या रेघा तशाच, कडेला छर्रे चिकटलेले, तळाशी हलका गंज धरू लागलेला. लेव्हल सेंडरच्या (तेलाची पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाच्या) तबकडीला भोकं आहेत पण आटे नाहीत. बसवायच्या पट्ट्या वेगळ्या पिशवीत. डिपस्टिक (तेल मोजायची सळई) आहे, पण तिच्यावर एकही खूण नाही!

माझा बेत असा: आतून-बाहेरून सँडब्लास्टिंग (वाळूचा झोत मारून साफ करणं), आत पेट्रोल टाकीला वापरतात ते लायनिंग, बाहेर काळं पावडर कोटिंग (भुकटी मारून भट्टीत भाजलेला रंग). बरोबर आहे का?

चकचकीत

बेत उत्तम. ब्लास्टिंगशिवाय पावडर धरत नाही. दोन दिवसांत टाकी शोरूममधल्यासारखी दिसेल. फोटो टाका.

तेलकट हात

थांबा, थांबा. टाकी त्या ब्लास्टिंगवाल्याकडे नेऊ नका. निदान तोंडं उघडी ठेवून तर मुळीच नको.

या इंजिनात तेल कसं फिरतं ते आधी पाहू. तळाशी जमलेलं तेल एक पंप ओढतो आणि टाकीकडे पाठवतो. टाकीत पडण्याआधी ते फिल्टरमधून जातं. टाकीतून निघालेलं तेल मात्र थेट दुसऱ्या पंपाकडे आणि तिथून बेअरिंगांकडे. मध्ये फिल्टर नाही. म्हणजे इंजिनाने केलेली घाण फिल्टर अडवतो, टाकीतली घाण कोणीच अडवत नाही. वाळूचा किंवा काचेचा एक कण आडपत्र्यामागे अडकून राहिला तर तो गरम तेलाने सुटून कधी क्रँकपर्यंत पोहोचेल ते त्याचं त्यालाच ठाऊक.

आणि तो अडकतोच. फेस बसावा आणि वळणावर तेल एका बाजूला पळू नये म्हणून टाकीत आडपत्रे असतात. त्यांच्यामागे ना ब्रश पोहोचतो, ना हवेचा झोत.

मी स्वतः काय केलं ते सांगतो, हसा खुशाल. आतले छर्रे सुटावेत म्हणून मोजून वीस छोटे नट टाकीत घातले, थोडं डिझेल ओतलं आणि टाकी तासभर घुसळली. छर्रे छान सुटले. नट निघाले एकोणीस. विसावा शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी लवचीक दांड्याच्या चुंबकाला लागला, आडपत्र्याच्या कोपऱ्यात उभा राहिलेला. मोजले नसते तर मी टाकी तशीच बसवली असती. तेव्हापासून टाकीत असलं काही घालायचंच झालं तर साखळीचा तुकडा घालतो, एक टोक बाहेर तारेला बांधून.

लायनिंगही नको. ते पेट्रोलसाठी केलेलं असतं. तुमचं तेल ९०-१०० अंशांवर तासन्‌तास राहणार, त्यात ते पोपडे धरून सुटलं तर थेट पंपाच्या तोंडाशी. आतल्या लोखंडाला तेल हेच पुरेसं संरक्षण. साफ झाल्यावर आत तेल फिरवून तोंडं बंद करून ठेवा, एवढंच.

रात्रपाळी

बापरे. मग आतला तो गंज?

तेलकट हात

हलका आहे ना? फॉस्फोरिक आम्लाचं पातळ द्रावण घाला, फिरवा, लगेच ओता. मग भरपूर पाणी, आणि लगोलग गरम हवेने वाळवणं. ओली टाकी रात्रभर ठेवलीत तर सकाळी पहिल्यापेक्षा जास्त गंज. नंतर पांढऱ्या फडक्यावर फडकी, स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी बारीक कॅमेरा आत घालून आडपत्र्यांच्या मागे नजर टाका.

पण हे सगळं नंतरचं. आधी टाकी गाडीत बसते का ते बघा. इंजिन, पत्रे, एक्झॉस्ट, सगळं जागेवर असताना. पट्ट्या तेव्हाच वेल्डच्या ठिपक्यांनी टाचून घ्या. टाकी रंगवली आणि मग कळलं की फिल्टर काढायला हातच जात नाही, असं झालेलं मी पाहिलंय.

झारण

पट्ट्या वेल्ड करायच्या असतील तर माझंही एक ऐका. टाकी ब्रेक क्लीनरने पुसून लगेच वेल्डिंग करू नका. क्लोरीनवाला क्लीनर असेल आणि त्याचे थेंब किंवा वाफ उरली असेल तर आर्कने फॉस्जीन तयार होतो. तो विषारी वायू आहे, यात अतिशयोक्ती नाही. ॲसिटोन वापरा, पूर्ण उडू द्या, मगच टॉर्च पेटवा.

गळती तपासताना कॉम्प्रेसरचा जोर लावू नका. ०.२ बार म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? टाकीची सपाट बाजू ३० बाय ३० सेंटिमीटर धरा. तिच्यावर सुमारे १८० किलोचा भार येतो. ०.५ बार दिलात तर साडेचारशेच्या वर. पत्रा फुगतो आणि तसाच राहतो. रेग्युलेटर लावा, साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक रेघेवर फिरवा आणि पाच मिनिटं बसून बघा. बारीक भोकाचा बुडबुडा लगेच येत नाही, हळूहळू फेसाची टिकली वाढत जाते. ही तपासणी रंगाआधी. रंगाने भोक झाकलं जातं, बुजत नाही. गरम तेल ते पुन्हा शोधून काढतं.

वेल्डिंगने तबकडी वाकलेली असते हेही बघा. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासलं की कुठे उंच, कुठे खोल ते लगेच दिसतं.

चकचकीत

बरं, माझं चुकलं. पण बाहेर तरी पावडर कोटिंग चालेल की नाही?

तेलकट हात

चालेल की. सगळी तोंडं, आटे आणि पॅकिंगच्या जागा बंद करून. फक्त भट्टीत जाण्याआधी टाकी आतून कोरडी ठणठणीत हवी. सांध्यात तेल राहिलं तर १८०-२०० अंशांत ते उकळून बाहेर येतं आणि कोटिंगला फोड येतात. मी स्वतः इपॉक्सी प्रायमर आणि वर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग मारतो. दगड लागून टवका उडाला तर ब्रशने दुरुस्त होतो. पावडरखाली मात्र गंज आतल्या आत चालत जातो. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, साधा कापडी मास्क पुरत नाही.

रात्रपाळी

आणि डिपस्टिक? तिच्यावर खूण कुठे करू?

तेलकट हात

हा प्रश्न सुरुवातीलाच विचारायला हवा होता. इथेच लोक फसतात. इंजिन बंद असताना टाकीतलं तेल हळूहळू इंजिनात उतरतं. सकाळी डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस घाबरून दोन लिटर ओततो. इंजिन चालू झालं की तेल टाकीत परततं, वर मावत नाही, श्वासनळीतून एअर फिल्टरमध्ये जातं आणि मागे धुराचा लोट.

म्हणून खूण गाडी सपाट जागेवर, तेल गरम, इंजिन आयडलवर असतानाच करायची. मूळ ९१४-६ मध्ये एकूण नऊ लिटरच्या आसपास तेल बसायचं. तुमची टाकी, कूलर आणि नळ्या वेगळ्या, तेव्हा तो आकडा फक्त सुरुवातीला धरा. लिटरच्या मापाने मोजून ओतत जा, गरम करा, मोजा. तेलाच्या वर फेसाला जागा राहायलाच हवी. वरची खूण ठरली की एक लिटर काढून घ्या आणि तिथे दुसरी करा. आधी मार्करने, खात्री पटल्यावर कानशीने.

रात्रपाळी

तीन आठवड्यांनी लिहितोय. टाकी गाडीत ठेवून पाहिली. एक पट्टी सोळा मिलिमीटर मागे घ्यावी लागली. रंगवून ठेवली असती तर गेलीच होती.

साबणाच्या पाण्यात तीन बुडबुडे निघाले. दोन सेंडरच्या तबकडीखाली आणि एक तळाच्या सांध्यात. तिथे डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. वेल्डरने भरून दिले, पुन्हा तपासलं, आता कोरडं.

साखळी घालून घुसळली. जे निघालं ते चहाच्या गाळणीत धरलं तर गाळणीचा तळ काळा. घरात गाळणीवरून जे व्हायचं ते झालं. नवी आणून दिली.

आता प्रायमर लागलाय. @झारण, सेंडरच्या पॅकिंगला सीलंट लावू की कोरडंच बसवू?

झारण

कोरडंच. तबकडी सपाट केली आहेस ना, मग सीलंट कशाला? जास्तीचं आत पिळून निघतं, आणि आत काय चालतं आणि काय नाही ते वर वाचलं आहेसच.