धरमशाळेला मॅच बघायला जायचंय, बाबा सोबत आहेत – सल्ला हवा

कसबा_एक्स्प्रेस:
नमस्कार मंडळी. पुढच्या आयपीएलमध्ये पंजाबची एखादी मॅच हिमाचलमधल्या धरमशाळेला असली तर बाबांना घेऊन जायचा विचार आहे. बाबा 68 वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे बाकी ठणठणीत, रोज पर्वतीवर जातात. टीव्हीवर मैदानामागच्या त्या धौलाधार डोंगररांगेचा बर्फ दिसला की मॅच सोडून तेच बघत बसतात, म्हणून एकदा प्रत्यक्ष दाखवायचंय. निघणार पुण्याहून. बजेट दोघांचं मिळून 30 हजार, त्यात जाणं येणं राहणं तिकीट सगळं. कसं जावं, कुठे राहावं, कुठल्या स्टँडचं तिकीट काढावं? मॅचच्या तारखेत काय बघून ठरवावं?

स्विंगचा_सुलतान:
सरळ विमान. पुणे-दिल्ली आणि दिल्ली-गग्गल, म्हणजे धरमशाळेजवळचा विमानतळ. गग्गलहून स्टेडियम जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. आम्ही 2023 च्या वर्ल्डकपला न्यूझीलंडची मॅच बघायला असेच गेलो होतो, शमीच्या पाच विकेट आणि कोहलीचे 95, दोन्ही डोळ्यांनी बघितलंय. मध्ये धुकं आलं आणि खेळ थांबला, समोरची बाउंड्री दिसेना, पण तोही अनुभव भारीच. मॅक्लिओडगंजला व्हॅलीकडे तोंड असलेली रूम घ्या, पैशाकडे बघू नका, वडिलांना एकदाच नेताय.

कसबा_एक्स्प्रेस:
धन्यवाद, पण बजेट 30 आहे हो. दोघांचं.

निळा_छत्रीवाला:
गग्गलच्या भरवशावर राहू नका. धावपट्टी छोटी आहे, एटीआरसारखी लहान विमानंच उतरतात, ढग खाली आले की फ्लाइट रद्द. माझी मॅचच्या आदल्या दिवशीची रद्द झाली, दिल्लीतून रात्रीच्या बससाठी धावलो, पहिली इनिंग संपताना सीटवर पोचलो. तिकिटाचे पैसे परत मिळाले पण इनिंग कोण देणार. विमानानेच जायचं तर दोन दिवस आधी पोचा.

मिडऑन_मावशी:
तारखेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आयपीएलची साडेसातची मॅच अजिबात घेऊ नका. मे महिन्यात तिथे सव्वासातच्या सुमारास सूर्य मावळतो, मॅच सुरू होऊन दोन-चार ओव्हर होईतोवर अंधार आणि मग मॅच संपेपर्यंत डोंगर दिसतच नाही. दिवे, डीजे, गर्दी हे सगळं आपल्या गहुंज्यालाही आहे. साडेतीनची मॅच मिळाली तरच जा. संध्याकाळी उन्हं उतरतात तेव्हा बर्फाचा रंग बदलत जातो आणि समोर मॅच चालू असते, बाबांना ते दाखवायचंय ना तुम्हाला. आणि डोंगर मैदानाच्या उत्तरेला आहे, उत्तरेच्या बाजूला बसलात तर तो तुमच्या पाठीशी. महाग तिकीट म्हणजे चांगला देखावा असं इथे समजू नका, स्टँडचा नकाशा बघून दक्षिणेकडून उत्तरेला तोंड होईल अशी जागा धरा.

येलो_आर्मी_चिंचवड:
साडेतीनची म्हणजे 5 मे 2024 ची चेन्नईची मॅच आठवते का? मी होतो तिथे! नवव्या नंबरवर धोनी आला, सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि हर्षल पटेलनं पहिल्याच बॉलला बोल्ड केला. अख्खा प्रवास त्या एका बॉलसाठी केला होता. जडेजानं बॅटिंग बॉलिंग दोन्हीत मॅच काढून दिली म्हणून बरं, 28 रननी जिंकलो.

स्विंगचा_सुलतान:
त्याच आठवड्यात बंगळुरूच्या मॅचला गारा पडल्या होत्या, तरी कोहलीनं 92 मारले. जॅकेट न्याच, मे असला तरी.

येलो_आर्मी_चिंचवड:
प्रत्येक गोष्टीत कोहली आणलाच पाहिजे का?

डॉक्टर_नाही_पण:
वडिलांचं वय बघता एक महत्त्वाचं. जगातलं सगळ्यात उंचावरचं स्टेडियम आहे हे, हवा विरळ असते. उंचीवरच्या त्रासाच्या गोळ्या आधीपासून सुरू करा आणि पहिला दिवस पूर्ण आराम.

कड्यावरचा_कावळा:
कृपा करून लोकांना घाबरवू नका. धरमशाळेचं स्टेडियम साधारण 1,450 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या आसपास. महाबळेश्वरला कोण गोळ्या घेऊन जातं? सगळ्यात उंचही नाही, हिमाचलमध्येच चैलचं मैदान आहे, 1893 मधलं, ते 2,000 मीटरच्या बरंच वर आहे. मॅक्लिओडगंज मात्र धरमशाळेच्या वर आहे आणि तिथल्या गल्ल्या उभ्या चढाच्या. पर्वती चढणाऱ्या माणसाला जमेल, पण रोज दोनदा चढ-उतार, त्यात मॅचच्या दिवशीची वाहतूक, म्हणून बीपी असेल तर राहायला खालीच बरं. त्रियुंड ट्रेक वगैरे कोणी सुचवायच्या आत सांगतो, तो सोडून द्या.

डॉक्टर_नाही_पण:
चैलला आंतरराष्ट्रीय मॅच होत नाही. पण सगळ्यात उंच म्हटलं ते चुकलंच. आणि काळजी घेतलेली कधीही चांगली.

हिरवी_खेळपट्टी:
आयपीएल कशाला? खरं क्रिकेट बघायचं तर टेस्टची वाट बघा. सकाळी साडेनऊला खेळ सुरू, आकाश स्वच्छ असलं तर दिवसभर डोंगर समोर. 2017 ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची, तिथली पहिली टेस्ट, कोहली जखमी म्हणून रहाणे कॅप्टन, कुलदीपचं पदार्पण, पहिल्याच डावात चार विकेट. आपल्या अजिंक्यने काय सांभाळली ती टीम! मग मार्च 2024 ला इंग्लंडविरुद्ध अश्विनची शंभरावी टेस्ट आणि त्याच मॅचमध्ये अँडरसनची 700 वी विकेट. फक्त चौथ्या-पाचव्या दिवसाची तिकिटं काढू नका, 2024 ची तिसऱ्या दिवशीच संपली, 2017 ची चौथ्या दिवशी.

मिडऑन_मावशी:
टेस्ट तिथे कधी मिळेल याचा काय नेम, 2023 ला ऑस्ट्रेलियाची टेस्ट आउटफिल्ड तयार नाही म्हणून इंदूरला हलवली होती की. बाबा 68 चे आहेत, आत्ता जाऊ द्या त्यांना.

निळा_छत्रीवाला:
आणि पाऊस विसरू नका. 2019 ची दक्षिण आफ्रिकेची टी-ट्वेंटी आणि 2020 ची वनडे, दोन्ही टॉससुद्धा न होता गेल्या. 2025 च्या 8 मे ला तर पंजाब-दिल्ली मॅच मध्येच थांबवून स्टेडियम रिकामं केलं, सीमेवरची परिस्थिती तशी होती. हॉटेल रद्द करता येईल असंच बुक करा, दहावीस टक्के जास्त गेले तरी चालतील.

खाऊगल्ली_भटक्या:
दिल्लीहून काश्मिरी गेटवरून हिमाचल एसटीची व्होल्वो घ्या, रात्री बसा सकाळी धरमशाळा. मी नेहमी तीच घेतो. विमानाचे पैसे वाचतात ते मोमो आणि थुक्पावर खर्च करायचे.

कड्यावरचा_कावळा:
शेवटचे काही तास सगळी वळणंच वळणं, 68 वर्षांच्या माणसाला रात्रभर बसून न्यायचं का?

खाऊगल्ली_भटक्या:
माझी आई गेली, तिला काही झालं नाही.

कसबा_एक्स्प्रेस:
पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने पठाणकोट कसं वाटतं? बाबांना रेल्वे फार आवडते.

स्विंगचा_सुलतान:
दोन रात्री गाडीत? मॅच साडेतीन तासांची आणि प्रवास चार रात्रींचा. नका करू.

येलो_आर्मी_चिंचवड:
नको. कंटाळून जाल.

निळा_छत्रीवाला:
झेलम उशिरा धावली तर? विमानच, पण दोन दिवस आधी.

रुळावरचा_माणूस:
झेलमनेच जायचं ठरलं तर पठाणकोट कँटला उतरा, पठाणकोट जंक्शन वेगळं स्टेशन आहे. तिथून धरमशाळा 85-90 किलोमीटर, गाडीने अडीच-तीन तास. पठाणकोटहून निघणारी कांगड्याची छोटी गाडी धरून प्लॅन करू नका, 2022 च्या ऑगस्टमध्ये त्या लाइनचा चक्की नदीवरचा पूल पुरात गेला होता. लाइन 1929 ची आहे, डब्यातून धौलाधार काय दिसतो ते लिहायला बसलो तर वेगळा धागा लागेल. दिल्लीवरून गेलात तर हिमाचलमधल्या अंब अंदौरा स्टेशनपर्यंत वंदे भारत आहे, पुढे टॅक्सी.

मिडऑन_मावशी:
गेटवर बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक, नाणी काही नेऊ देत नाहीत. बाबांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह वरच्या खिशात ठेवा. मॅचच्या दिवशी स्टेडियमजवळचे रस्ते बंद असतात, शेवटचं अंतर चालायची तयारी ठेवा.

कसबा_एक्स्प्रेस:
सगळ्यांचे आभार. बाबांशी बोललो आणि ठरलं. झेलमचं थर्ड एसी, जाताना आणि येतानाही. सगळ्यांनी नको म्हटलं हे खरं, पण बाबा म्हणाले खिडकीतून अर्धा देश बघायचाय मला, दोन रात्रींचं काय घेऊन बसलात. राहणार मॅक्लिओडगंजला नाही, धरमशाळेतही नाही, खाली कांगड्याला. तिथला किल्ला त्यांना बघायचाय, खोल्या स्वस्त आहेत, आणि साडेतीनची मॅच सातच्या सुमारास संपली की टॅक्सीने तासाभरात परत येता येईल. साडेतीनची मॅच नसेल तर यंदा जाणार नाही, मावशींचं ते एक वाक्य बाबांना पूर्ण पटलं. मॅचच्या दोन दिवस आधी पोचू, म्हणजे झेलम रखडली तरी हरकत नाही.

स्विंगचा_सुलतान:
अहो पण विमानाने त्याच पैशात

कसबा_एक्स्प्रेस:
त्याच पैशात नाही होत, मे महिन्यातलं भाडं काढून बघितलं. वेळापत्रक आलं आणि धरमशाळेची तिकीटविक्री सुरू झालेली कोणाला दिसली तर इथे लगेच टाका, दक्षिणेकडच्या स्टँडच्या दोन सीट हव्यात.