रे: पर्थ, शनिवारचं परतीचं विमान – ६ की ७?

मंदार:
मंडळी, पर्थच्या कार्यक्रमासाठी गटाच्या तिकिटांचा भाव आज संध्याकाळपर्यंतच धरलाय. ४ ऑक्टोबर २०२५, सिडनीहून सकाळी ७:००, ५ तास, पर्थला १०:००. परत त्याच रात्री ११:५० ला, ४ तास १० मिनिटं, सिडनीला ६:००. नंदूकाका, व्हॅन ६:१५ ला सांगू ना?

शुभदा:
६ नाही, ७. ऑक्टोबरचा पहिला रविवार ५ तारखेला आहे. त्या दिवशी सिडनीत डेलाइट सेव्हिंग सुरू, म्हणजे घड्याळ तासभर पुढे. पहाटे २ चे ३ होतात आणि सिडनीचे २ म्हणजे पर्थचे बरोबर रात्रीचे १२. विमान सुटल्यावर १० मिनिटांनी. पर्थला डेलाइट सेव्हिंग नाहीच, म्हणून जाताना फरक २ तासांचा, येताना ३. तिकिटावर स्थानिक वेळच छापतात. आपल्या शीटमध्ये कोणीतरी २ तासांचा फॉर्म्युला खालपर्यंत ओढलाय, तो काढा.

नंदूकाका:
व्हॅन ७:३० ला. तबले आणि स्पीकर सामानाच्या पट्ट्यावर येईपर्यंत तेवढे होतातच. पण अंतर एकच, मग येताना ५० मिनिटं कमी कशी?

प्रकाश:
आणि शीटमध्ये अंतर ३,२८० किलोमीटर कुठून आणलं? रस्त्याने ३,९०० च्या वर आहे. सिडनी-पर्थ रेल्वेगाडी इंडियन पॅसिफिक तर ४,३५२ किलोमीटर जाते.

शुभदा:
प्रकाश, ती गाडी ब्रोकन हिलवरून खाली ॲडलेडला उतरते आणि मग परत वर चढते. विमान सरळ जातं, ३,२८० च्या आसपास. काका, वारा पश्चिमेकडून. विमानाचा वेग ताशी ८५० धरा. १०० चा वारा समोरून आला तर ७५०, पाठीमागून आला तर ९५०. तेवढ्यातच पाऊण-एक तासाचा फरक पडतो. हिवाळ्यात आणखी.

मंदार:
कार्यक्रम ८ ला संपतोय, मग १० चं का नको? पावणेचार तास विमानतळावर बसून काय करायचं?

नंदूकाका:
कारण सिडनीला रात्री ११ ते सकाळी ६ कर्फ्यू. १० ला सुटलेलं विमान ५:१० ला पोचेल, उतरू कोण देणार? त्या दिवशी पर्थहून साधारण पावणेपाचनंतर पावणेअकरापर्यंत सिडनीसाठी सुटून उपयोगच नाही. ११:५० च घ्या. सोमवारी लेबर डे, लाँग वीकेंड. जागा थांबणार नाहीत.

वैशाली:
पूजेच्या पिशवीतून मध काढा. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात बाहेरच्या राज्यातला मध चालत नाही. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, बियासुद्धा नाहीत. विमान देशातलंच असलं तरी. चुकून राहिलंच तर उतरल्यावर क्वारंटीनच्या डब्यात टाका, लपवू नका. पंचामृताचा मध पर्थकरांनी द्यावा.

प्रकाश:
सामानाची यादी सांस्कृतिक समितीच करते.

वैशाली:
करा की. कॉर्डलेस माइकच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या तुमच्या यादीत चेक-इन बॅगेत आहेत. त्या केबिन बॅगेत हव्यात, टोकांना चिकटपट्टी लावून.

मंदार:
शीट दुरुस्त केली, तिकिटं ११:५० ची. पर्थकरांनो, न्यायला येताना टर्मिनल तिकिटावर बघा. १-२ एका बाजूला, ३-४ धावपट्टीच्या पलीकडे, चालत जाता येत नाही. ट्रेनने येणाऱ्यांना १-२ साठी एअरपोर्ट सेंट्रल, ३-४ साठी रेडक्लिफ.

नंदूकाका:
व्हॅनवाल्याला ७:३० कळवलं. नवीन वेळेप्रमाणे, हे दोनदा सांगितलं.