जवळच्या माणसाने विश्वासघात केल्यावर मंडळीत टिकून कसे राहावे?

प्रश्न

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. मी बरीच वर्षे आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) शब्बाथ शाळेत, म्हणजे बायबलच्या वर्गात, शिकवते. घरातील एक अडचण मी केवळ प्रार्थनेसाठी म्हणून महिला संघातील एका जवळच्या भगिनीला सांगितली होती. ती गोष्ट ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून तिखटमीठ लावून घरोघर पोहोचली, आणि माझ्याकडे वर्ग ठेवावा की नाही याची चर्चा पंचांच्या सभेत झाली. घरचे म्हणतात, हा सैतानाचा हल्ला आहे, तू फक्त प्रार्थना कर. मला मात्र त्या भगिनीचा राग येतो आणि तिच्यासोबत प्रभुभोजन (भाकर व द्राक्षारसाचा विधी) घेणे जड जाते. याला आत्मिक युद्ध समजावे की माणसाचा अपराध? विश्वासू राहणे म्हणजे गप्प बसणे आहे का?

उत्तर १

ताई, या दोहोंपैकी एकच निवडावे लागत नाही. आपले झगडणे रक्तमांसाबरोबर, म्हणजे माणसांशी, नाही असे बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात म्हटले आहे. त्यावरून त्या भगिनीचा अपराध पुसला जात नाही, फक्त ती आपली वैरी ठरत नाही. सैतानाचे नाव घेऊन माणसाचे पाप झाकणे आणि माणसालाच सैतान ठरवणे, या दोन्ही गोष्टी मंडळीत सर्रास होतात आणि दोन्ही घातक आहेत.

प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय आपण सावकाश वाचावा. पौल तुरुंगात आहे, मरण जवळ आले आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि तरीही तो काही लपवत नाही. देमास मला सोडून गेला, आलेक्सांद्र तांबटाने माझे पुष्कळ वाईट केले, माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी कोणीही माझ्या बाजूने उभे राहिले नाही, असे तो नावानिशी आणि स्पष्ट लिहितो. म्हणजे विश्वासूपणा आणि गप्प बसणे एक नव्हे. मात्र तो सर्वांना एकाच मापाने मोजत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. जे भीतीने दूर राहिले त्यांच्याकडून याचा हिशेब घेतला जाऊ नये, अशी तो प्रार्थना करतो. आलेक्सांद्राचा न्याय तो प्रभूवर सोपवतो, पण त्याच्यापासून सांभाळून राहा असे तीमथ्याला बजावतोही. क्षमा केली म्हणजे पुन्हा मनातले सगळे त्याच व्यक्तीजवळ उघड केले पाहिजे, असा अर्थ होत नाही.

त्याच अध्यायात तो त्रोवसात कर्पाकडे राहिलेला झगा, पुस्तके आणि विशेषेकरून चर्मपत्रे मागवतो. सगळे सोडून गेल्यावरही त्याचे वाचन आणि काम थांबलेले नाही. शिवाय मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, असेही तो लिहितो. हाच मार्क पूर्वी प्रवासात पंफुल्या प्रांतात साथ सोडून गेला होता आणि त्याच्यावरून पौल व त्याचा सहकारी बर्णबा यांच्यात फूट पडली होती. म्हणून आपणही त्या भगिनीसाठी दार कायमचे बंद करू नये.

उत्तर २

वरील उत्तराला जोडून पंडिता रमाबाईंचे उदाहरण द्यावेसे वाटते. १८९३ साली त्यांच्या पुण्याच्या शारदा सदन या शाळेतील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून वादळ उठले. समाजसुधारक रानडे आणि भांडारकर तिच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांना विश्वासघातकी म्हणणे अन्यायाचे होईल, कारण धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन मोडले जात आहे असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. पण रमाबाईंच्या वाट्याला एकटेपण आलेच, आणि ते एकाच बाजूने आले नाही. त्यांच्या मतांवरून इंग्लंडमधील त्यांच्या ख्रिस्ती हितचिंतकांशीही त्यांचा दीर्घ वाद झाला होता. तरीही १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तेथील निराधार मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. शेवटच्या वर्षांत त्या मूळ हिब्रू व ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करत होत्या. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली, आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. आपला वर्ग आपण होऊन सोडू नका, एवढेच मला यातून सांगायचे आहे.

उत्तर ३

प्रभुभोजनाविषयी लिहिते. लूककृत शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात, मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे, असे प्रभू सांगतो, आणि त्याच मेजावर त्याने त्याआधी भाकर मोडून दिलेली असते. त्यामुळे ती भगिनी तिथे आहे म्हणून आपण मेजापासून दूर राहू नये. मात्र त्याआधी मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रम पाळावा: प्रथम एकटीने तिच्या घरी जावे आणि ‘तुम्ही हे बोललात, त्याने माझे असे नुकसान झाले’ असे शांतपणे सांगावे. तिने ऐकले नाही तर एक-दोन जाणत्या भगिनींना सोबत न्यावे. वर्गाचा विषय पंचांपुढे गेलेलाच आहे, तेव्हा आपली बाजू मांडण्यासाठी पाळकसाहेबांकडे वेळ मागावा, आणि तो शक्यतो लेखी मागावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांचे आभार. पाळकसाहेबांना आज पत्र देत आहे. त्या भगिनीकडे रविवारच्या उपासनेआधी जाईन. त्या भेटीसाठी कृपया प्रार्थना करावी.