प्रदर्शनाच्या फलकावरील दुसरे वाक्य (कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा)

थोरली मावशी: सर्वांना नमस्कार. डब्लिनच्या दादाने मुलांच्या मराठी शाळेतील प्रदर्शनासाठी लिहिलेला मजकूर मी आत्ताच वाचला. ‘व्हायकिंगांनी आयरिश लोकांना समुद्र दाखवला’ या दुसऱ्या वाक्याला माझा आक्षेप आहे; व्हायकिंग म्हणजे उत्तर युरोपातून जहाजांनी आलेले लुटारू आणि व्यापारी. मागच्या वर्षी मला मजकूर छापून झाल्यावर मिळाला होता, म्हणून या वेळी आधीच लिहीत आहे.

डब्लिनचा दादा: मावशी, तुझा आक्षेप मान्य करणे मला कठीण आहे. डेन्मार्कमधील रोस्किल्डच्या खाडीतून १९६२ साली बाहेर काढलेल्या जहाजांपैकी स्कुल्डेलेव्ह-२ हे सुमारे ३० मीटर लांबीचे, ६० वल्ह्यांचे युद्धजहाज डब्लिन परिसरात बांधलेले होते. लाकडातील वर्षवलयांवरून त्याच्या ओकची तोड १०४२ सालची ठरली आहे आणि ते ओक डब्लिनच्या दक्षिणेला विकलोच्या डोंगरांतील ग्लेन्डालॉकच्या आसपासच्या रानातले होते. असे जहाज व्हायकिंग येण्यापूर्वी आयर्लंडमध्ये बांधले गेल्याचा एकही पुरावा नाही.

थोरली मावशी: मोठे युद्धजहाज नव्हते याचा अर्थ समुद्र ठाऊक नव्हता असा कसा होतो? डेरी परगण्यात ब्रॉयटर येथे १८९६ साली सोन्याची छोटी नाव सापडली. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानली जाते आणि तिला बाके, वल्ही, डोलकाठी आणि दिशा देणारे वल्हे असे सगळे आहे. जो समाज शिडाच्या नावेची सोन्यात प्रतिकृती घडवतो, त्याला पुढे नऊशे वर्षांनी कोणी समुद्र दाखवावा लागत नाही.

आबाकाका: सुप्रभात. जुन्या आयरिश कथेतले समुद्रप्रवासी संत ब्रेंडन आणि त्यांचे सोबती बेट समजून देवमाशाच्या पाठीवर उतरले आणि त्यांनी तेथे चूल पेटवली, ही गोष्ट फलकावर घेतली आहे का? मुलांना तीच सर्वांत जास्त आवडेल.

पुण्याची ताई: आबाकाका, तो देवमासा आपण मागच्या वर्षीही तीन दिवस चर्चेला घेतला होता. तरी त्या कथेतील नावेचे वर्णन मात्र कामाचे आहे. लाकडी सांगाड्यावर ओकच्या सालीत कमावलेली कातडी ताणून बसवायची आणि सांध्यांना चरबी चोपडायची, अशी ती नाव होती. तशी नाव बांधून टिम सेव्हरिन हे प्रवासी लेखक १९७६ आणि १९७७ साली आयर्लंडहून कॅनडातील न्यूफाउंडलंडपर्यंत गेले, त्यामुळे ती उघड्या अटलांटिकवर टिकते हे सिद्ध झाले आहे.

डब्लिनचा दादा: मी माझा मुद्दा पुन्हा मांडतो. स्कुल्डेलेव्ह-२ हे सुमारे ३० मीटर लांबीचे जहाज डब्लिन परिसरात बांधले गेले. कातड्याच्या नावेची त्याच्याशी तुलना होऊ शकत नाही.

थोरली मावशी: तुलना मी केलेलीच नाही. डिकुइल नावाच्या आयरिश भिक्षूने ८२५ च्या सुमारास लिहून ठेवले आहे की तीस वर्षांपूर्वी काही धर्मगुरू थुले बेटावर, म्हणजे बहुतेक आइसलँडवर, फेब्रुवारी ते ऑगस्ट राहून आले होते. ब्रिटनच्या उत्तरेकडील काही लहान बेटांवर आयरिश तपस्वी जवळजवळ शंभर वर्षे राहत होते आणि उत्तरेकडील लुटारूंमुळे, म्हणजे व्हायकिंगांमुळे, ती बेटे ओस पडली, असेही तो म्हणतो. या लुटारूंपैकी अनेकजण नंतर ज्या वाटांनी गेले, त्या वाटांवर आयरिश माणसे आधीच पोहोचली होती. ईशान्य आयर्लंड आणि पश्चिम स्कॉटलंडमधील दाल रिआडा राज्याच्या जुन्या नोंदीत दर वीस घरांमागे सात बाकांच्या दोन नावा पुरवण्याचे बंधन आहे, आणि इतिवृत्तांत ७१९ सालच्या समुद्रावरील लढाईचा उल्लेख येतो. यांतले काहीही फलकावर नाही, याचे मला वाईट वाटते.

डब्लिनची वहिनी: मावशी, तुम्ही म्हणता ते खरे आहे. तरीही ७९५ मध्ये व्हायकिंगांची पहिली धाड पडल्यानंतर जे बदलले, ते फलकावर यायलाच हवे. ८४१ मध्ये डब्लिनला त्यांचा नौकातळ पडला आणि पुढे तेथे बंदर, बाजार आणि जहाजबांधणी एकत्र वाढली. डब्लिनमधील वुड क्वे या नदीकाठच्या जागेच्या उत्खननात मोडलेल्या नौकांच्या फळ्या नदीकाठच्या बांधकामात पुन्हा वापरलेल्या सापडल्या. ओकचे ओंडके पाचरी ठोकून उभे फोडायचे, फळीवर फळीची कड चढवायची, ती लोखंडी खिळ्यांनी जखडायची आणि फटींत डांबरात भिजवलेले केस किंवा लोकर भरायची, अशी ही पद्धत आहे. अशा फळ्या त्या जागी दहाव्या ते तेराव्या शतकापर्यंतच्या थरांत मिळतात. आमच्या घरापासून ती जागा बसने जवळ आहे आणि आता तेथे महापालिकेचे कार्यालय उभे आहे. ती जुनी जागा वाचवण्यासाठी १९७८ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले होते.

आबाकाका: महापालिकेने जुने बुजवून नवे बांधणे हा प्रकार पुण्यातही चालतो, हे येथे नोंदवून ठेवतो.

पुण्याची ताई: आबाकाका, कृपया विषयावर राहू या. दादा, मला एक शंका आहे. १०४२ मध्ये ज्या सुतारांनी ते जहाज बांधले, ते नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या वंशातले, होते की आयरिश? दोनशे वर्षे एकाच गावात राहून लग्ने झाल्यावर ही विभागणी करणे योग्य ठरेल का?

डब्लिनचा दादा: ही शंका योग्य आहे आणि कदाचित मूळ वाक्यातील खरी अडचण तीच आहे. तंत्र उत्तरेकडून आले, झाडे विकलोच्या डोंगरांतली होती, आणि १०५२ पासून डब्लिनवर लेन्स्टर या पूर्वेकडील आयरिश राज्याच्या डिअर्मिट राजाचा ताबा होता. त्यापूर्वी ब्रायन बोरू या आयरिश राजाने व्हायकिंगांच्या लिमरिक बंदरावर ताबा मिळवून शॅनन नदीत नौदल चालवले. ११५४ मध्ये पश्चिमेकडील कॉनॉटच्या राजाचे आरमार आयर्लंडच्या उत्तर टोकाला इनिशोवनपर्यंत चढले, तेव्हा त्याच्या शत्रूने मॅन बेट आणि स्कॉटलंडमधील गॅलोवेमधून भाड्याने जहाजे मागवली. त्या वेळी आयरिश राजे सत्तेसाठी आरमारावर किती अवलंबून होते, हे त्यावरून दिसते.

थोरली मावशी: मग हेच लिहायला हवे होते. मी गेल्या आठवड्यापासून तेच सांगत आहे.

डब्लिनचा दादा: मावशी, गेल्या आठवड्यात तू फक्त ‘हे चूक आहे’ असे लिहिले होतेस. असो. २००७ मध्ये त्या जहाजाची प्रतिकृती रोस्किल्डहून डब्लिनला आली होती. वाऱ्याअभावी काही अंतर ती ओढून न्यावी लागली, तरी जुने जहाज प्रत्यक्षात कसे चालत असेल याची कल्पना त्या सफरीतून आली. तिचे छायाचित्र मधोमध राहील, याबाबत मी माघार घेणार नाही.

थोरली मावशी: छायाचित्र राहू दे, माझी हरकत नाही. मात्र डावीकडे ब्रॉयटरची नाव आणि तिच्याखाली कातड्याच्या नावेची ओळ हवी. दुसरे वाक्य असे करावे: ‘समुद्र आयरिशांच्या ओळखीचा होताच, व्हायकिंगांमुळे त्यांना फळ्यांची मोठी जहाजे आणि ती बांधणारी बंदरे मिळाली, आणि पुढे ती आयरिश राजांची झाली.’

डब्लिनची वहिनी: वाक्य उत्तम आहे. पण फलक उद्या सकाळी अकरा वाजता छपाईला जाणार आहे.

थोरली मावशी: तर मग मला आज रात्री नमुना पाठवावा, मी जागी आहे.

आबाकाका: आणि देवमासा?