मदत हवी आहे: मोनो जॅझ तबकडीच्या आतल्या भागात ट्रंपेट फाटतो

मंडळी, ब्लू नोट या जॅझ कंपनीची पन्नाशीच्या दशकातली सेकंडहँड मोनो (एकाच चॅनेलची) एलपी आहे. लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीत आरव्हीजी (ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची आद्याक्षरं) आणि तबकड्या छापणाऱ्या प्लास्टिलाइट कारखान्याची ती कानासारखी खूण, दोन्ही आहेत. म्हणजे प्रत जुनीच, शंका नाही.

पहिली दोन गाणी स्वच्छ वाजतात. शेवटच्या गाण्यात ट्रंपेट वर चढला की आवाज खरखरीत फाटतो, उजव्या चॅनेलमध्ये जास्त. बेस आणि झांजा मात्र ठीक.

केलेले उपाय: ७५ भाग डिस्टिल्ड वॉटर, २५ भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन थेंब साबण, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुतली. (लाखेच्या ७८ आरपीएमवर हे मिश्रण चुकूनही नको, लाख विरघळते.) चटचट गेली, फाटणं तसंच. स्टीरिओ काट्रिज (सुई धरून तिच्या कंपनांचा विद्युत संकेत करणारा भाग), लंबगोल सुई, सुईचा तबकडीवरचा भार १.८ ग्रॅम, बेअरवाल्ड मांडणी (सुईचा खाचेशी कोन जुळवण्याची पद्धत) केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर तपासलेली. अँटिस्केटिंग (सुईची आत सरकण्याची ओढ तोलणारं बल) कमीजास्त करून फरक शून्य. नव्या तबकड्या शेवटपर्यंत नीट वाजतात, त्यामुळे मांडणीवर संशय नाही.

माझा अंदाज, जुन्या जड टोनआर्मने (सुई धरणाऱ्या दांड्याने) खाचेची एक भिंत खरवडली आहे. तसं असेल तर २५ मायक्रॉनची गोल सुई खाचेत जरा वर टेकून न झिजलेला भाग वाचेल का? की १८ मायक्रॉनच बरी? नुसतं डावं चॅनेल दोन्ही स्पीकरना देऊन कोणी ऐकलंय का? खरं मोनो काट्रिज घेण्याआधी विचारतोय.