कारखान्यात रील आणि स्टेटस: काय नियम करू?

उद्यमबागवाला
बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं मशीन शॉप आहे, 34 माणसं. निम्मी खानापूर-कडोलीकडची मराठी, बाकी बैलहोंगल-गोकाकची कन्नड. गेल्या महिन्यात रात्रपाळीच्या पोरानं व्हीएमसी मशीनपुढं रील काढलं. मागं पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, ड्रॉइंग लावलेलं, नंबरासकट वाचता येत होतं. सकाळी पुण्याहून फोन, "आमचा पार्ट इन्स्टावर कसा?" गोपनीयतेच्या करारावर सही माझी. ऑर्डर हातची गेली नाही, पण तीन रात्री झोप नव्हती. पोरगा कामाचा आहे. आपलं काम गावाला दाखवावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

दुसरी धास्ती 1 नोव्हेंबरची. कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस एकाच तारखेला. एकाचं लाल-पिवळं स्टेटस, दुसऱ्याचं काळं. गेल्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत दोघं एकमेकांच्या कॉलरपर्यंत गेले, तेही एकाच मशीनवरचे! मोबाईल गेटवरच काढून घेऊ का?

निपाणीकर
गेटवर नको, दादा. रात्रपाळीत घरी कुणी आजारी असलं तर माणसाचं लक्ष मशीनवर राहत नाही. शॉपमध्ये मोबाईल ठेवायला खण करा, घरच्यांना ऑफिसचा नंबर द्या. नियम मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा, वाचून दाखवा, मग सही घ्या. सुपरवायझरलाही तोच नियम. आणि चूक झाली की लगेच कामावरून काढू नका. आधी लेखी खुलासा मागा, त्याचं ऐकून घ्या, मग काय ते ठरवा.

वकील_खानापूर
घरी बसून टाकलेल्या स्टेटसमध्ये मालकानं शिरू नये. कंपनीचं नाव, पार्टीचं काम किंवा सोबत्याला शिवी आली तरच विचारा. काही जण अजून आयटी कायद्यातल्या 66अ ची, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दलच्या कलमाची, भीती घालतात. ते कलम सुप्रीम कोर्टानं 2015 सालीच रद्द केलंय. पण भाषेवरून वैर पसरवलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 196 आहे, 3 वर्षांपर्यंत कैद. पोरांना हे दोन्ही सांगा.

सीएनसी_काकती
मी ऑपरेटर आहे. ड्रॉइंग बाहेर जाऊ द्यायचं नसतं हे आम्हाला कधी कुणी सांगितलंच नाही की हो. पार्टीला विचारून तयार पार्टचा एखादा फोटो तुम्हीच काढून द्या. आईला दाखवायला तेवढा पुरतो.

उद्यमबागवाला
हे मला सुचलंच नव्हतं. उद्या खणांसाठी सुताराला बोलावतो. नियमांचा कन्नड मजकूर मशीन लावून देणाऱ्या गोकाकच्या सेटरकडून लिहून घेतो. गेल्या वर्षीच्या भांडणातला एक तोच. मराठी मजकूर भांडणातल्या दुसऱ्याकडून. दोघांना एकाच टेबलावर बसवतो.